पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत

ताई, नमस्कार.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझे मिस्टर ५२ वर्षांचे, सातपूरला एका वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहेत. डिसेंबरात त्यांना न्यूमोनिया झाला आणि इन्फेक्शन रक्तात पसरलं. १९ दिवस आयसीयूत होते, त्यातले १३ व्हेंटिलेटरवर. नवव्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी घातली. डॉक्टरांनी तर मन घट्ट करा म्हणून सांगितलं होतं. देवीच्या कृपेने जानेवारीत घरी आले.

सगळ्यांना वाटतं संकट टळलं. पण हे रात्री झोपत नाहीत. डोळा लागला की दचकून उठतात, मनगटं चोळत बसतात. बाथरूमचं दार लावून घेत नाहीत. महिन्यापूर्वी अचानक म्हणाले, "गंगेला पूर आला होता. पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत आलं होतं. मला घाटावर बांधून ठेवलं होतं, आणि तू वर पायऱ्यांवर उभी राहून कागदावर सही करत होतीस. हसत होतीस." (दुतोंड्या मारुती म्हणजे आमच्या गोदाघाटावरची उंच मूर्ती, पूर किती चढला ते इथे तिच्यावरूनच सांगतात.) मी म्हटलं, अहो, डिसेंबरात गोदावरीला कुठला पूर? तर भिंतीकडे तोंड करून झोपले. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. आपली एक किडनी काढून विकली, असंही म्हणतात. सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवला, त्यात दोन्ही आहेत. म्हणाले, कागद काय, कोणीही छापतं.

ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याच्या भत्त्याचे दिवस संपले. मालक चांगले आहेत, या म्हणाले. हे दोन तास जाऊन परत आले. ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायचं टूलचं माप, टाकताना आकडा विसरले म्हणे. ज्या माणसाला तीस वर्षांपूर्वीच्या जॉबची मापं पाठ, तो माणूस!

सासूबाई म्हणतात बाहेरचं लागलंय, एका ठिकाणी न्यायचंय. दीर म्हणतात, वाचलास ना, मग आता नाटकं कशाला. मीही एकदोनदा चिडून बोलले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला स्वतःला अजून रात्री फोन वाजला की हातपाय गार पडतात. वणीच्या देवीला नवस बोलले आहे, चैत्रोत्सवात जाऊन फेडावा का? आणि लाइट गेली की आमचा इन्व्हर्टर टीं टीं करतो, त्या आवाजाने हे घामाघूम होतात. काय करू?

– सिडकोतली एक वाचक

ताई,

आधी त्या सहीबद्दल बोलू. बाकी सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत, पण एक गोष्ट लिहायची टाळलीत असं मला वाटतं. सही तुम्हीच केली होतीत ना?

गळ्यातून नळी घालण्याला ट्रेकिऑस्टॉमी म्हणतात. पेशंट औषधांच्या गुंगीत असला की त्याच्या घरच्यांची संमतीपत्रावर सही घेतात, म्हणजे पेन तुमच्याच हातात दिलं असणार. हे कागद पुष्कळदा खाटेच्या पायथ्याशी, फाइल ठेवायच्या स्टीलच्या टेबलावर ठेवूनच भरून घेतात. तुमच्या मिस्टरांना त्या वेळी थोडी जाग असेल. पापण्यांच्या फटीतून दिसलं ते एवढंच, बायको उभी आहे आणि कागदावर सही करतेय. आणि हसणं? भेटीच्या वेळेला आत सोडताना नातेवाइकांना आम्हीच बजावायचो, "आत रडायचं नाही हं, पेशंटसमोर चेहरा हसरा ठेवा." तुम्ही तो ठेवला असेल.

'आम्ही' म्हणतेय, कारण या सदरात मी समुपदेशक म्हणून लिहीत असले तरी त्याआधी एकवीस वर्षं आयसीयूत सिस्टर होते. तुमच्या पत्रातला पूर वाचला आणि मला बेड दिसला.

बाकीचे तुकडेही जुळवून बघू. बांधून ठेवलं होतं, म्हणतात. बहुधा खरंच बांधलं असेल. गुंगीत पेशंट तोंडातली नळी ओढतो. ती निघाली तर जिवावर बेततं, म्हणून मनगटाला कापूस आणि बँडेजचा रोल गुंडाळून हात खाटेच्या कठड्याला बांधतात. मनगटं चोळत बसतात असं तुम्ही लिहिलंत, ते यामुळे असावं. पाण्याचं म्हणाल, तर व्हेंटिलेटरच्या नळ्यांमध्ये वाफेचं पाणी साचतं आणि प्रत्येक श्वासाला ते खळखळतं, अगदी कानाशी, दिवसरात्र. त्यात दर काही तासांनी सक्शन. छातीतला कफ ओढून काढायला नळीतून बारीक कॅथेटर आत सरकवतात, तेव्हा काही सेकंद माणसाचा जीव अक्षरशः घुसमटतो. बुडताना जसं वाटेल तसंच. मुंबईचा माणूस असता तर त्याला कदाचित तुंबलेला सबवे दिसला असता. नाशिकच्या माणसाला गळ्यापर्यंत पाणी म्हटलं की दुतोंड्या मारुतीच दिसणार, मेंदू तरी घरातलंच सामान वापरतो.

किडनीचं तर मला वाचताक्षणी कळलं. रक्तात इन्फेक्शन पसरलं की पहिला फटका बऱ्याचदा किडनीला बसतो. राउंडला डॉक्टर खाटेपाशी उभे राहून काय बोलतात? "किडनी जातेय. आज-उद्यात निर्णय घ्यावा लागेल. नातेवाइकांशी बोलून घ्या." आता हीच तीन वाक्यं हात बांधलेल्या, अर्धवट गुंगीतल्या माणसाच्या कानांनी ऐका. किडनी जातेय म्हणजे कुठे जातेय? कोणाला?

या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. जुनी माणसं 'वात झाला', 'तापात बरळतोय' म्हणायची, ते हेच. इन्फेक्शन, ताप, ऑक्सिजनची कमतरता, मिडॅझोलॅमसारखी गुंगीची औषधं, तुकड्यातुकड्याची झोप, रात्रीही न विझणारे दिवे, हे सगळं एकत्र आलं की मेंदूचा तोल जातो. हे वेड नव्हे, आणि तुमच्या घराण्यात कोणाला काही होतं का हेही शोधत बसू नका. यात काही पेशंट आरडाओरडा करतात, खाटेवरून उतरायला बघतात. ते लगेच लक्षात येतात. पुष्कळ जण मात्र नुसते छताकडे बघत पडून राहतात. ड्यूटी बदलताना आम्ही एकमेकींना सांगायचो, "चार नंबर एकदम गुणी, काही त्रास नाही." त्या चार नंबरच्या डोक्यात त्या वेळी काय पूर वाहत असेल, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

एकदा एका पेशंटने मला सांगितलं म्हणून कळलं. पाच-सहा महिन्यांनी तपासणीला आले होते, चांगले चालत. मला कॉरिडॉरमध्ये बघितलं आणि भिंतीला चिकटून उभे राहिले. मी जवळ जाऊन नमस्कार केला, तर हळूच म्हणाले, "तुम्ही मला विहिरीत सोडत होतात." ज्या दोरीने सोडत होते म्हणाले, ती दोरी म्हणजे मी बांधलेला बँडेजचा रोल. बांधताना मी एक वाक्य बोलायला हवं होतं: "दादा, नळी निघू नये म्हणून हात बांधतेय, दोन तासांनी सोडून बघेन." बेशुद्ध माणसाशी काय बोलायचं, असं तेव्हा मला वाटायचं. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी बोलायला लागले. त्यांच्यासाठी उशीर झाला होता.

साध्या स्वप्नात आणि यात फरक आहे. स्वप्न चहा पिईपर्यंत विरून जातं. डिलिरियममध्ये दिसलेलं विरत नाही, खऱ्या आठवणींइतकंच ठसठशीत राहतं. आणि खऱ्या आठवणी तर त्या दिवसांच्या जवळजवळ नसतातच. म्हणजे १९ दिवसांपैकी त्यांच्याकडे शिल्लक काय आहे? पूर, दोरी, सही. तुम्ही सोनोग्राफीचा कागद पुढे करता तेव्हा डोळ्यांनी बघितलेलं सोडून छापलेल्यावर विश्वास ठेवा, असं सांगताय. तुम्ही-मी तरी ठेवला असता का?

आयसीयूतून बाहेर पडल्यावर शरीर, मन आणि बुद्धी यांची जी पडझड मागे उरते तिला २०१० साली अमेरिकेतल्या एका बैठकीत तज्ज्ञांनी नाव दिलं, पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम. म्हणजे ज्याला धड नाव पडूनही फार वर्षं झाली नाहीत, ते तुमच्या दिरांना ठाऊक नसलं तर त्यांना फार बोल लावू नका. पण 'नाटकं' म्हणाले, त्यावर त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात आयसीयूतल्या ८२१ गंभीर पेशंटना धरलं होतं. त्यातल्या ७४ टक्क्यांना दवाखान्यात असताना डिलिरियम झाला. वर्षभराने तपासलं तेव्हाही साधारण तिघांतल्या एकाची स्मरणशक्ती आणि विचारांची गती, डोक्याला मध्यम मार बसलेल्या माणसाच्या पातळीवर होती. यात तरुण माणसंही होती. ऑफसेटचा आकडा विसरला तो असा.

आता करायचं काय?

पुराबद्दल वाद घालू नका, आणि 'हो हो, आला होता पूर' असं समजूत घातल्यासारखंही बोलू नका. तुम्ही 'डिसेंबरात कुठला पूर' म्हणालात आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्याऐवजी असं काहीतरी: "तुम्हाला जे दिसलं ते फार भयंकर असणार. एकट्याने सोसलंत. त्या वेळी बाहेर काय चाललं होतं ते मला माहीत आहे. ऐकायचं असेल तेव्हा सांगेन." आणि तिथेच थांबा. नको म्हणाले तर नको. दोन दिवसांनी, दोन आठवड्यांनी ते स्वतः विचारतील. बहुतेक वेळा रात्रीच विचारतात, दिवा बंद केल्यावर.

विचारतील तेव्हा हाताशी काहीतरी असावं, म्हणून एक वही करा. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे या देशांतल्या आयसीयू नर्सेसनी ही पद्धत रूढ केली. पेशंट बेशुद्ध असताना नर्स आणि घरचे रोज चार ओळी त्याच्यासाठी लिहून ठेवतात, आणि बरा झाल्यावर ती डायरी त्याच्या हातात देतात. हा रामबाण नाही, हेही सांगून ठेवते. २०१० साली युरोपातल्या १२ आयसीयूंमधल्या ३५२ पेशंटच्या अभ्यासात, डायरी मिळालेल्यांपैकी ५ टक्क्यांना आघातानंतरचा मानसिक आजार जडला, न मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांना. पण २०१९ साली फ्रान्समध्ये याहून मोठा अभ्यास झाला, त्यात डायरीने फारसा फरक पडलेला दिसला नाही. तरी मी ती सुचवते, कारण तुमच्या घरातला तिढा नेमका रिकाम्या दिवसांचा आहे.

आपल्याकडे आयसीयूत डायरी सहसा कोणी लिहीत नाही, मग चार महिन्यांनी ती कुठून आणायची? ताई, तुमच्याकडे ती आहे. घरात कोणी आजारी पडलं की पहिल्याच दिवशी नातेवाइकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होतो. तुमचाही झाला असेल. 'आत्ता डॉक्टर भेटले, ऑक्सिजन थोडा कमी केलाय', 'आज डोळे उघडले', 'रक्ताच्या दोन बाटल्या लागणार आहेत, कोणी येईल का', आणि प्रत्येक मेसेजवर तारीख आणि वेळ. तो ग्रुप सुरुवातीपासून वाचा. दुसरी गोष्ट म्हणजे मेडिकलची बिलं. कॅरीबॅगमध्ये कोंबून माळ्यावर टाकली असतील, ती काढा. बिलावरून कळतं की अमुक तारखेला सक्शन कॅथेटर घेतले, तमुक तारखेपासून गुंगीचं इंजेक्शन थांबलं. तिसरी गोष्ट डिस्चार्ज कार्ड. या तिन्हींवरून शंभर पानी वहीत दर दिवसाला एक पान करा. भाषा साधी, त्यांना उद्देशून. उदाहरणार्थ, "आज तुमचा ताप १०३ होता. बर्फाच्या पट्ट्या ठेवल्या. बाहेर थंडी होती, मी तुमचंच स्वेटर घालून बाकड्यावर बसले होते. धाकटा भाऊ डबा घेऊन आला, मेथीची भाजी होती, खाल्ली नाही." औषधांची नावं कमी लिहा, मेथीच्या भाजीसारखं जास्त.

नवव्या दिवसाचं पान तुम्हाला जड जाईल, ते सगळ्यात शेवटी लिहा. पण सहीचं लिहाच. कोणत्या कागदावर, कोणी मागितली, वाचायला दिला होता का, सही करताना हात कापला का, आणि सही केल्यावर तुम्ही कुठे जाऊन बसलात. त्या सहीबद्दल तुम्हालाही काहीतरी वाटत असणार, नाहीतर ती पत्रातून गळली नसती. वहीत ती तुमच्या अक्षरात असू द्या. सही झाली होती, हे तुमच्या तोंडून ऐकलं की, 'मला दिसलं ते सगळंच खोटं नव्हतं' एवढं तरी त्यांना कळेल. कागद कशाचा होता हे ऐकायला ते त्यानंतरच तयार होतील, आधी नाही.

कोणी आतला फोटो काढला असेल, नळ्या लावलेला, तर तो वहीत चिकटवू नका. पाकिटात ठेवा, असा फोटो आहे एवढं सांगा, आणि बघायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. मुलांच्या, पुतण्यांच्या मोबाइलमधूनही तो इकडेतिकडे फिरत नाही ना, तेही बघा.

वही वाचून झाल्यावर काहींना ती जागा परत बघावीशी वाटते. तसं म्हणाले तर दवाखान्यात फोन करून विचारा, दुपारच्या निवांत वेळी एखाद्या सिस्टर पाच मिनिटं आत नेऊन रिकामा बेड आणि मशीन दाखवतात. सगळीकडे परवानगी मिळेलच असं नाही. आपणहून मात्र 'चला, भीती मोडू' म्हणून नेऊ नका.

डिस्चार्ज कार्ड काढालच, तर आणखी एक बघा. डिलिरियमसाठी आयसीयूत क्वेटियापिन किंवा हॅलोपेरिडॉलसारखी गोळी सुरू करतात. बऱ्याचदा ती घरी जाताना कार्डावर तशीच राहून जाते आणि माणूस महिनोन् महिने घेत राहतो. तसं काही दिसलं तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा, 'ही अजून हवी का?' स्टिरॉइड चालू असेल तर त्यानेही झोप उडते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर एकदा तपासून घ्या. आणि शेजारच्या कोणी दिलेली झोपेची गोळी अजिबात नको. ज्या जातीच्या औषधांनी डिलिरियम वाढतो, त्याच जातीच्या त्या गोळ्या पुष्कळदा असतात.

कामाबद्दल. ईएसआयचा आजारपणाचा भत्ता वर्षाला ९१ दिवसांचाच, तोही पगाराच्या ७० टक्के, त्यामुळे तुमची घाई मला कळते. पण सीएनसीवर चुकीचा ऑफसेट म्हणजे टूल चकमध्ये, जॉब पकडणाऱ्या फिरत्या भागात, घुसणं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ते परत आले ही मी शहाणपणाची गोष्ट मानते. मालक चांगले आहेत म्हणता, तर त्यांच्याशी तुम्ही दोघं बसून बोला. पहिला महिना अर्धा दिवस, मशीनवर नको, इन्स्पेक्शनच्या टेबलावर. मायक्रोमीटर आणि व्हर्नियर हातात असू दे, मापं वहीत लिहून मगच बोलायची सवय लागू दे. नंतर मशीनवर, पण सेटिंगला दुसरा माणूस शेजारी. बुद्धीचा वेग हळूहळू परत येतो. पहिल्या सहा महिन्यांत बरीच सुधारणा होते, पुढेही होत राहते, काहींच्या बाबतीत थोडी उणीव राहून जाते. घरी पाढे म्हणून घेऊ नका, माणूस अपमानित होतो. भाजीचा हिशेब, लाइटबिल, भाच्याच्या दुचाकीचं कार्बोरेटर, असली खरी कामं त्यांच्याकडे सोपवा.

केस गळायला लागले असतील, जिना चढताना मांड्या भरून येत असतील. दोन्ही मोठ्या आजारानंतर होतं. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा आणि संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर जितकं जमेल तितकं चाला.

मानसोपचारतज्ज्ञांकडे मात्र जायचंच. चार महिने होत आले, झोप नाही, दार लावता येत नाही, बायकोवर विश्वास नाही, इतकं असताना नुसत्या वहीवर सोडून चालणार नाही. आघाताच्या आठवणींवर काम करायच्या ठरलेल्या पद्धती आहेत, औषधं आहेत, आणि बऱ्याच जणांना त्याने उतार पडतो. जिल्हा रुग्णालयात, आपल्या त्र्यंबक नाक्यावरच्या सिव्हिलमध्ये, मानसोपचाराची ओपीडी आहे. जाताना डिस्चार्ज कार्ड न्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा की १९ दिवस आयसीयूत होते आणि तिथे भास झाले. नाहीतर किडनी विकल्याचं ऐकून भलत्याच आजाराचं निदान व्हायची भीती असते. ते यायला तयार नसतील तर 'वेड्याचा डॉक्टर नाही हो' वगैरे समजावत बसू नका. झोपेसाठी जाऊ म्हणा, खोटं नाही ते. तोवर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. तुम्हीही लावू शकता. आणि 'त्या वेळीच गेलो असतो तर बरं झालं असतं' असं काही ते बोलले, जेवण टाकलं, दारू सुरू केली, तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन जा.

सासूबाईंचं. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, त्यांचंही लेकरू मरणाच्या दारातून आलंय आणि त्यांना काहीतरी हाताने करायचंय. पण 'एका ठिकाणी' न्यायचं नाही. तिथे धरून बसवतील, धूर देतील, कदाचित बांधतील. ज्याची मनगटं अजून त्या बँडेजमधून सुटली नाहीत त्याला पुन्हा बांधायचं? अघोरी उपायांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे, पण सासूबाईंना कायदा सांगू नका, मनगटांचं सांगा. त्यांना समजेल. त्यांनाही वहीत एक पान द्या. लिहिता येत नसेल तर त्या सांगतील, तुम्ही लिहा.

आता तुमचं. तुम्ही स्वतःसाठी पत्रात दोनच ओळी खर्ची घातल्यात. रात्री फोन वाजला की हातपाय गार पडणं, हेही त्याच दुखण्याचं टोक आहे. आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांनाही ते होतं आणि डॉक्टरांच्या पुस्तकात त्यालाही नाव आहे. फोनची रिंगटोन बदला, तीच जुनी ठेवली असेल तर. सिव्हिलला जाल तेव्हा तुमचाही केसपेपर काढा. चिडलात त्याबद्दल एवढंच म्हणेन की १९ दिवस बाकड्यावर काढून ज्याला घरी आणलं तो माणूस 'तू हसत होतीस' म्हणाला, तर मी तुमच्यापेक्षा जास्त चिडले असते. नणंद, बहीण, कोणीतरी आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यापाशी बसेल असं बघा आणि त्या वेळात घराबाहेर पडा, भाजी आणायला नव्हे.

वणीला चैत्रोत्सवात नको. खानदेशातून पायी येणारे जथे, ढोल, रेटारेटी, त्या गर्दीत त्यांचा श्वास कोंडेल. नवसाला मुदत नसते. पावसाळ्याच्या तोंडावर एखादा मधला वार बघून जा, पायऱ्यांच्या भानगडीत न पडता ट्रॉलीने वर जा. आणि जाण्याआधी त्यांना विचारा, यायचं आहे का. नवस तुम्ही बोललात, ते त्या वेळी पुरात होते.

इन्व्हर्टरचा आवाज आयसीयूतल्या मॉनिटरच्या अलार्मसारखाच असतो, म्हणून घाम फुटतो. तो बझर वेगळा असतो, बऱ्याच मॉडेलना बंद करायचं बटण असतं. नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून त्याची वायर काढून घ्या, वीज जात नाही तेव्हा दिवसाउजेडी, आणि त्यांना शेजारी उभं करून. मशीनवरचा माणूस आहे, कदाचित स्क्रू ड्रायव्हर स्वतःच हातात घेतील.